हिजरत, नागरिकत्व आणि वचनपालन

मराठवाड्यातील मुस्लिम घरांतून परदेशी जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बहुतेक तरुण आखाती देशांत जातात. तेथे वीस-पंचवीस वर्षे राबूनही त्या देशाचे नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी संपली की बिऱ्हाड आवरून परतावे लागते. त्यामुळे या लेखातला प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहत नाही. तो उभा राहतो कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत स्थिरावलेल्यांपुढे. (मुस्लिम देश जे देत नाहीत ते बिगरमुस्लिम देश देतात, यावर कधीतरी स्वतंत्रपणे विचार व्हायला हवा.)

समजा, औसा तालुक्यातील किल्लारीचा एक मुलगा शिकायला कॅनडात गेला, तेथेच नोकरीला लागला, त्याला कायमच्या वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला सारे पीआर म्हणतात तो मिळाला. आता तो नागरिकत्वाचा अर्ज करू पाहतो. ते मिळाले की भारतीय नागरिकत्व संपेल. गावी म्हातारे आई-वडील आहेत. वडील विचारतात, दीनच्या दृष्टीने हे जायज आहे का?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे मिळतात. एक असे की, वतनावरील प्रेम हा ईमानचाच भाग आहे, म्हणून नागरिकत्व सोडणारा बेइमान. दुसरे असे की, सारी जमीन अल्लाहची आहे, पासपोर्ट म्हणजे नुसता कागद. हवा तेव्हा बदलावा. पहिल्या उत्तराच्या आधारासाठी जे वचन हदीस म्हणून भाषणांतून सांगितले जाते, ते प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नाही, असा हदीसतज्ज्ञांचा निर्वाळा आहे. दुसऱ्या उत्तरात करार आणि शपथ यांचे इस्लाममधील स्थानच नजरेआड केलेले असते.

माती आणि नागरिकत्व

किल्लारीच्या लोकांना माती आणि नागरिकत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. या गावात आज ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे असलेले बुजुर्ग जन्मले तेव्हा निजामाची रयत होते. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात आले, २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली आणि ते भारताचे नागरिक झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. एवढे सारे बदलले, पण हे लोक आपल्या माळवदाच्या घरातून हललेही नव्हते.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हादरली आणि दगडमातीच्या भिंतींवरची तीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-उस्मानाबादच्या पट्ट्यात हजारो जीव गेले. पुढे किल्लारीसह ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. या वेळी नागरिकत्व तेच राहिले, जमीन मात्र बदलली. नकाशावर घर, रस्ता, शाळा यांची नवी जागा आखता आली. वाडवडिलांच्या कबरी मात्र होत्या तेथेच राहिल्या.

मातीशी असलेले नाते आणि राज्याशी असलेले नाते, दोन्ही खरी आहेत. पण ती दोन आहेत. शरीअतमध्ये त्यांचे हुकूमही वेगवेगळे आहेत. मातीची ओढ ही माणसाची फितरत आहे. ती ना फर्ज आहे, ना गुन्हा. प्रेषितांनी (स.) मक्का सोडताना त्या नगरीला उद्देशून म्हटले होते की, तू मला सर्वांत प्रिय आहेस आणि तुझ्या लोकांनी मला घालवले नसते तर मी गेलो नसतो; हे तिर्मिजीत आले आहे. मदीनेत ह. बिलाल (रजि.) तापाने फणफणले असता मक्केच्या आठवणीने व्याकूळ होत. त्यांना कोणी रागावले नाही. उलट प्रेषितांनी (स.) दुआ केली की, मदीनाही आम्हांला तितकीच प्रिय कर. कुरआनने तर सूरह निसाच्या ६६ व्या आयतीत घरदार सोडून निघण्याचा उल्लेख स्वतःचा जीव देण्याच्या शेजारी केला आहे. जो परदेशातून फोनवर बोलताना रडतो त्याचा ईमान कच्चा नसतो. आणि सूरह तौबाची २४ वी आयत याच ओढीची हद्दही सांगते: आवडती घरे अल्लाह आणि त्याच्या प्रेषितापेक्षा प्रिय होता कामा नयेत.

राज्याशी असलेले नाते मात्र भावनेचे नव्हे, कराराचे आहे. त्याचा हुकूम सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे: ईमानवंतांनी आपले करार पूर्ण करावेत. सूरह बनी इस्राईलच्या ३४ व्या आयतीत बजावले आहे की, दिलेल्या वचनाबद्दल जाब विचारला जाईल.

हिजरत कोणाची, कशासाठी

परदेशी जाणारे काही जण आपल्या जाण्याला हिजरत म्हणतात. हा शब्द जपून वापरावा. सूरह निसाच्या ९७ ते १०० या आयतींत ज्यांना हिजरत न केल्याबद्दल जाब विचारला आहे, ते दीनवर चालणे अशक्य झाले असतानाही, शक्ती असून, त्या ठिकाणी राहिलेले लोक होते. मक्का जिंकल्यावर प्रेषितांनी (स.) जाहीर केले की, या विजयानंतर ती हिजरत उरली नाही, उरले ते प्रयत्न आणि नियत. नियतीची हदीस तर मदरशातल्या लहान मुलालाही पाठ असते: ज्याची हिजरत दुनिया मिळवण्यासाठी, त्याची हिजरत त्याच गोष्टीसाठी.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एका खेडूत अरबाचा प्रसंग आहे. तो हिजरतीविषयी विचारू लागला. प्रेषित (स.) म्हणाले, हिजरत फार कठीण बाब आहे, तुझ्याजवळ उंट आहेत का? त्यांची जकात देतोस का? तो होय म्हणाला. तेव्हा त्याला सांगण्यात आले की, मग दूर पलीकडे आहेस तेथेच अमल करीत राहा, अल्लाह तुझ्या कर्मातले काहीच कमी करणार नाही. इमाम मावर्दी यांचे मत इब्ने हजर यांनी नोंदवले आहे की, जेथे मुसलमानाला आपला दीन उघडपणे पाळता येतो तेथे राहणे निघून जाण्यापेक्षा उत्तम, कारण त्याच्या असण्याने इतरांना इस्लाम कळण्याची आशा असते. किल्लारीत, औशात, नांदेडात अजान होते, जुमा होतो, मदरसे चालतात; निकाह, तलाक, वारसा यांना १९३७ च्या शरीअत कायद्याचा आधार आहे. संकटे आहेत आणि ती खोटी नाहीत. तरीही, टोरांटोतील पगार अधिक आहे म्हणून जाणाऱ्याने ‘दीन वाचवायला चाललो’ असे म्हणू नये. रोजीसाठी जाणे स्वतःहून हलाल आहे. त्याला हिजरतीची चादर पांघरण्याची गरज नाही.

हिजरतीच्या नावाने घाईने केलेल्या निर्णयाची किंमत या उपखंडाने एकदा चुकवली आहे. १९२० मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सोडून अफगाणिस्तानात जावे अशी हाक दिली गेली. सिंध आणि सरहद्द प्रांतातील हजारो कुटुंबांनी जमिनी, गुरेढोरे मिळेल त्या भावाने विकली आणि बैलगाड्या जोडल्या. ऑगस्टमध्ये अफगाण सरकारने हा लोंढा थांबवला. कित्येक जण वाटेतच मेले. परत आलेल्यांपैकी अनेकांजवळ ना घर उरले होते, ना जमीन.

दुसरीकडे, मुस्लिम नसलेल्या राज्यात राहणे हाच गुन्हा, असे म्हणणाऱ्यांनी हबशाकडे पाहावे. सुमारे इ.स. ६१५ मध्ये सहाबांचा पहिला जथा नजाशीच्या ख्रिस्ती राज्यात गेला. ६२२ मध्ये मदीनेत मुसलमानांची स्वतःची वस्ती उभी राहिली, तरी ह. जाफर (रजि.) आणि त्यांचे सोबती खैबरच्या वेळेपर्यंत, म्हणजे हिजरी सन ७ पर्यंत हबशातच होते. त्या राजावर बंड झाले तेव्हा त्यांनी त्याच्या विजयासाठी दुआ केली, असे ह. उम्मे सलमा (रजि.) सांगतात. आणि ते परतले तेव्हा ह. अस्मा बिन्ते उमैस (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की, इतरांची एक हिजरत, तुम्हा जहाजवाल्यांच्या दोन. ह. यूसुफ (अलै.) यांनी तर परक्या देशात, परक्या राजाच्या राज्यात कोठारांचा कारभार मागून घेतला आणि तो इमानाने केला.

शपथ

भारतीय कायदा येथे स्पष्ट आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. नंतर वकिलातीत पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घेणे ही झालेल्या गोष्टीची नोंद असते. म्हणून विचार करायचा तो शपथ घेण्यापूर्वी. सर्टिफिकेटच्या रांगेत उभे राहून नव्हे. आपल्या मागच्या पिढीने हा धडा फार कडू चवीने घेतला. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या काहींनी इकडे येण्यासाठी तिकडचा पासपोर्ट काढला. प्रवासाचा कागद असे ते त्याला समजत होते. पण परदेशी पासपोर्ट घेणे हाच नागरिकत्व बदलल्याचा निर्णायक पुरावा, असा नियम होता आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

शपथेत काय असते? कॅनडात राजाशी निष्ठेची आणि कायदे पाळण्याची शपथ घेतात. अमेरिकेची शपथ अधिक कडक आहे: पूर्वीच्या राज्याशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडल्याचे सांगावे लागते आणि कायद्याने सांगितल्यास शस्त्र धरण्याचे वचन द्यावे लागते, धर्मश्रद्धेमुळे ज्याला ते मान्य नाही त्याला तो भाग वगळण्याची सवलत मागता येते. काही जण म्हणतात, ओठांनी बोलायचे, मनात दुसरे ठेवायचे. हा मार्ग बंद आहे. सहीह मुस्लिममधील हदीसप्रमाणे, शपथ घेवविणाऱ्याला जो अर्थ अभिप्रेत असतो त्याच अर्थाने ती मानली जाते. म्हणून ज्याला ती शपथ प्रामाणिकपणे पाळता येणार नाही त्याने ती घेऊ नये. ज्याने घेतली त्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, त्याचे भले चिंतावे. मर्यादा एकच, जी येथेही आहे आणि तेथेही: निर्मात्याची अवज्ञा करून कोणाचीही आज्ञा पाळायची नाही.

वचन किती जड असते हे बद्रच्या वेळी दिसले. ह. हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे येत असता कुरैशांनी त्यांना अडवले आणि लढाईत भाग घेणार नाही असे वचन घेऊन सोडले. मुसलमान संख्येने इतके थोडे असताना, एकेक माणूस मोलाचा असताना, प्रेषितांनी (स.) त्या दोघांना परत पाठवले, वचन पाळू आणि अल्लाहची मदत मागू, असे सांगून. हे वचन शत्रूला, तेही धाकाखाली दिलेले होते. मग वीस वर्षे ज्याचे शिक्षण, रस्ते, दवाखाने वापरले त्या देशाला फसवणे कसे चालेल? कपाटात दोन पासपोर्ट ठेवून विमानतळावर सोयीप्रमाणे एकेक काढणे याला आपल्याकडे हुशारी म्हणतात. शरीअतच्या भाषेत तो धोका आहे. दोन्ही देशांशी केलेला.

उलेमांची मते

या प्रश्नावर उलेमा एकमताचे नाहीत. ट्युनिशियात १९२३ च्या कायद्याने फ्रेंच नागरिकत्व घेणे सोपे केले तेव्हा तेथे मोठा विरोध झाला. १९३३ च्या सुमारास नागरिकत्व बदललेल्यांना मुसलमानांच्या कबरस्तानात दफन करू द्यायचे नाही इथपर्यंत प्रकरण गेले. तो कडकपणा समजून घेतला पाहिजे. तेथे प्रश्न केवळ पासपोर्टचा नव्हता. फ्रेंच नागरिक होणे म्हणजे शरई वैयक्तिक कायदा सोडणे आणि देश बळकावणाऱ्याच्या बाजूला जाणे होते. ते फतवे जसेच्या तसे आजच्या कॅनडाला लावता येत नाहीत.

देवबंदमध्ये जन्मलेले आणि बालपणीच कुटुंबासह पाकिस्तानात गेलेले मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी कारणांप्रमाणे हुकूम वेगळा केला आहे. स्वतःच्या देशात विनाकारण छळ होत असेल, किंवा शोधूनही गुजराणीची सोय होत नसेल, तर दीन सांभाळण्याची खात्री असल्यास परवानगी. पोट भरत असताना केवळ अधिक चैनीसाठी, तर मकरूह. आणि आपल्या लोकांवर तोरा मिरवण्यासाठी, तर हराम. मला ही मांडणी पटते, कारण ती प्रश्न पासपोर्टवरून नियतीवर आणते. मात्र यात एक भर घालावीशी वाटते: नियत अर्ज करणाऱ्या एकट्याने तपासायची नसते. पत्नी, आई-वडील, भावंडे यांच्याशी मशविरा करावा, मग इस्तिखारा करावा. इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे.

आई-वडिलांचा हक्क

एक माणूस प्रेषितांकडे (स.) हिजरतीची बैअत करायला आला आणि म्हणाला, आई-वडिलांना रडत सोडून आलो आहे. त्याला सांगण्यात आले: परत जा आणि जसे रडवलेस तसे त्यांना हसव. अबू दाऊदमधील ही हदीस वाचून वाटेल की, प्रश्न मिटला. मुलाने नागरिकत्व घेऊ नये. पण येथे थोडे थांबून हिशेब केला पाहिजे.

कॅनडाचा पीआर टिकवायचा तर दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस तेथे असावे लागते. म्हणजे पीआर असलेला मुलगा भारतीय नागरिक आहे, मत देऊ शकतो, पासपोर्ट निळाच आहे. पण वडिलांना पक्षाघात झाला आणि चार वर्षे त्यांच्या उशाशी बसण्याची वेळ आली, तर तिकडचा हक्क जाईल या भीतीने त्याला मध्येच परतावे लागेल. तोच मुलगा नागरिक झाला आणि त्याने भारताचे ओसीआय कार्ड घेतले, तर तो किल्लारीत हवी तितकी वर्षे राहू शकतो, आणि बायको-मुलांसह पुन्हा परत जाऊ शकतो. म्हणजे काही घरांत नागरिकत्व सोडणे हेच आई-वडिलांच्या खिदमतीचा रस्ता मोकळा करणारे ठरते, आणि ‘वतनाशी एकनिष्ठ’ राहणे हेच मुलाला दूर अडकवून ठेवते. अर्थात, येण्याची नियतच नसेल तर कार्ड काय करणार? मुलाने वडिलांना नागरिकत्वाचे कागद दाखवण्यापेक्षा, मी किती महिने येईन, हे सांगावे. ह. यूसुफ (अलै.) यांनी सत्तेवर असताना आई-वडिलांना आपल्याकडे बोलावून घेतले, पण नव्या किल्लारीतली, भूकंपात आप्त गमावलेली म्हातारी बर्फाच्या देशात रमेल, असे गृहीत धरू नये.

ओसीआय म्हणजे अर्धे नागरिकत्व, असाही एक समज आहे. तसे ते नाही. या कार्डाने मतदानाचा हक्क मिळत नाही, घटनात्मक पद मिळत नाही, आणि सरकार ते काही कारणांवरून रद्द करू शकते. तबलीगच्या कामासाठी कार्डधारकाला वेगळी विशेष परवानगी घ्यावी लागते. सुट्टीत आला आणि जमातीबरोबर चिल्ल्याला निघाला, असे करता येत नाही. जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा कधी पाकिस्तान वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्याला हे कार्डच मिळत नाही. पुन्हा भारतीय व्हायचे तर कार्ड घेऊन पाच वर्षे झालेली असावी लागतात आणि अर्जापूर्वी वर्षभर भारतात राहावे लागते. आणि मत हा आपल्या समाजासाठी लहान विषय नाही. भारतीय पासपोर्ट ठेवलेल्या परदेशस्थाला २०१० च्या दुरुस्तीपासून आपल्या गावच्या यादीत नाव ठेवता येते. मत द्यायला मात्र स्वतः यावे लागते. परक्या देशाचे नागरिकत्व घेतल्यावर ही साक्ष देण्याचा हक्क जातो. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. त्यात सर्व धर्मांचे लोक आहेत. तेव्हा या प्रश्नावरून आपल्याच मुलांकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही.

शेतीविषयी वाद फार होतात, म्हणून दोन शब्द. फिकहप्रमाणे मुसलमानाचा वारसा नागरिकत्व बदलल्याने तुटत नाही. देश वेगळे झाले तरी बाप बापच आणि मुलगा मुलगाच. भारतीय कायद्यानेही ओसीआय कार्ड असलेल्या मुलाला बापाची जमीन वारशाने मिळू शकते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागते. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण ती भारतीय पासपोर्ट ठेवून परदेशी स्थायिक झालेल्यालाही घेता येत नाही. ‘तू आता परदेशी झालास, तुझा हिस्सा संपला’ असे म्हणून भावाची किंवा बहिणीची जमीन दाबणारा कायदाही मोडतो आणि सूरह निसाने ठरवलेला वाटाही. (पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेची गोष्ट निराळी, १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा आणि त्याची २०१७ ची दुरुस्ती यांनी येथे राहिलेल्या भारतीय वारसांचेही हक्क काढून घेतले.)

राहिली मुले. आई किंवा वडिलांनी कलम ८ खाली जाहीरनामा देऊन नागरिकत्व सोडले, तर त्यांच्या अज्ञान मुलांचेही नागरिकत्व जाते. त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. कायद्याने त्याच्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे: सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत तो जाहीरनामा देऊन भारतीय नागरिकत्व परत मागू शकतो. हे वर्ष बहुतेक घरांत कोणाच्या लक्षात न येता निघून जाते. अठराव्या वाढदिवसाच्या पुढचे ते वर्ष कधी संपते, ती तारीख वडिलांनी कुटुंबाच्या कागदपत्रांत लिहून ठेवावी, आणि मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची झाली की समोर बसवून सांगावी. पुढचा निर्णय त्यांचा.